क्लाउडवरील ट्रेनिंग जॉबला साठवलेल्या डेटाची परवानगी सुरक्षितपणे कशी द्यावी

क्लाउडवर मॉडेल ट्रेन करायला घेतले की बहुतेकांचे लक्ष जीपीयू, बॅचचा आकार आणि खर्च यांकडे असते. डेटा कोणाच्या परवानगीने वाचला जाणार हा प्रश्न, जॉब ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणून बंद पडल्यावरच समोर येतो आणि तेव्हा सगळ्यांना घाई असते. त्या घाईत दोनपैकी एक गोष्ट हमखास घडते: एकतर जॉबला सगळ्या बकेटवर (क्लाउडवर फाइली ठेवण्याच्या कप्प्यांवर) सगळे अधिकार दिले जातात, नाहीतर कोणीतरी स्वतःची ॲक्सेस की, म्हणजे क्लाउडमध्ये शिरण्याची गुप्त किल्ली, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रामला बाहेरून पुरवल्या जाणाऱ्या सेटिंगमध्ये) टाकून मोकळे होते. जॉब चालतो, मंडळी पुढच्या कामाला लागतात आणि तात्पुरती म्हणून केलेली सोय तशीच राहून जाते.

हे टाळणे अवघड नाही, मात्र त्याची आखणी जॉब सुरू करण्यापूर्वी करावी लागते. पुढे मुख्य उदाहरण ॲमेझॉनच्या सेजमेकर (मॉडेल ट्रेन करण्याची) आणि एस-थ्री (फाइली साठवण्याची) या सेवांचे घेतले आहे. गूगल क्लाउड आणि अझुर येथे रीत जिथे महत्त्वाच्या बाबतीत वेगळी आहे, तिथे ती त्या त्या ठिकाणी सांगितली आहे.

जॉबला स्वतःची ओळख हवी

ट्रेनिंग जॉब तुमच्या सांगण्यावरून चालत असला, तरी त्यात चालणारा सगळा कोड तुम्ही वाचलेला नसतो. बेस इमेज, म्हणजे जॉब ज्यावर चालतो तो तयार सॉफ्टवेअरचा संच, दुसऱ्या कोणी बनवलेली असते, पिप या पायथनच्या साधनाने आणलेली डझनावारी पॅकेजे आणखी वेगवेगळ्या लोकांची असतात, आणि पायथनच्या पिकल स्वरूपातील वेट्सची (मॉडेलने शिकलेल्या आकड्यांची) फाइल उघडताना तिच्यात दडवलेला कोणताही कोड चालू शकतो. म्हणून जॉबवरचा विश्वास हा तुमच्या स्वतःवरच्या विश्वासापेक्षा कमी असला पाहिजे, आणि ओघानेच त्याचे अधिकारही तुमच्यापेक्षा कमी असले पाहिजेत. स्वतःची की जॉबला देणे म्हणजे हा क्रम उलटा करणे होय.

तिन्ही मोठ्या क्लाउडवर यासाठी सोय आहे. ॲमेझॉनमध्ये तिला आयएएम (ओळख आणि अधिकार सांभाळणारी सेवा) रोल म्हणतात, गूगलमध्ये सर्व्हिस अकाउंट आणि अझुरमध्ये मॅनेज्ड आयडेंटिटी. तत्त्व एकच आहे: जॉबला एक ओळख दिली जाते, त्या ओळखीच्या नावाने क्लाउड स्वतःच थोड्या मुदतीची क्रेडेन्शियल पुरवतो, आणि कोणतेही गुपित कोडमध्ये, नोटबुकमध्ये किंवा कंटेनर इमेजमध्ये ठेवावे लागत नाही.

दीर्घ मुदतीचे टोकन किती महागात पडू शकते, याचे जाहीर उदाहरण मायक्रोसॉफ्टचे आहे. कंपनीच्या एआय संशोधकांनी गिटहबवर काही मॉडेल खुली करताना अझुरच्या साठवणीचे एक एसएएस टोकन, म्हणजे साठवण उघडणारा सही केलेला दुवा, त्या पानावर दिले होते. ते केवळ त्या मॉडेलपुरते नव्हते, तर संपूर्ण स्टोरेज अकाउंटसाठी होते; वाचण्यापुरते नव्हते, तर पूर्ण नियंत्रणाचे होते; आणि त्याची मुदत २०५१ पर्यंत वाढवलेली होती. विझ या सुरक्षा कंपनीने हा प्रकार सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केला, तेव्हा त्या मार्गाने ३८ टेराबाइट डेटा उघडा पडल्याचे समोर आले. व्याप्ती, अधिकार आणि मुदत या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मोकळ्या सोडल्या गेल्या होत्या. यांपैकी एक जरी आवळलेली असती, तरी नुकसानीचा आवाका खूपच कमी झाला असता.

आधी कागदावर: काय वाचायचे, काय लिहायचे

रोल बनवायला बसण्यापूर्वी जॉब नेमके कोणते मार्ग वाचतो आणि कोणत्या मार्गांवर लिहितो हे लिहून काढावे. हे काम कंटाळवाणे वाटते, परंतु पुढची सगळी पॉलिसी, म्हणजे परवानग्यांचे लेखी नियम, यातूनच तयार होते. एका साधारण जॉबची यादी अशी असू शकते: इनपुट बकेटमधील ‘तयार’ या प्रीफिक्सखालील (मार्गाच्या सुरुवातीला तो शब्द असलेल्या) फाइली वाचणे, आउटपुट बकेटमध्ये चेकपॉइंट (अर्धवट ट्रेन झालेल्या मॉडेलच्या प्रती) आणि अंतिम मॉडेल लिहिणे, आणि खंड पडल्यास चेकपॉइंट परत वाचणे. ‘कच्चा’ या प्रीफिक्सखाली नावे, पत्ते किंवा दूरध्वनी क्रमांक असलेला मूळ डेटा असेल, तर तो या यादीत येत नाही, कारण त्यावर प्रक्रिया करणारा जॉब वेगळा असतो आणि त्याची ओळखही वेगळीच असायला हवी.

प्रीफिक्सनुसार परवानगी देता येते हे खरे. तरीही वाचायचा आणि लिहायचा डेटा वेगवेगळ्या बकेटमध्ये ठेवावा, असे माझे मत आहे. एकाच बकेटमध्ये दोन्ही असले की एका तिरप्या रेघेच्या किंवा ताऱ्याच्या (‘इथे काहीही चालेल’ या खुणेच्या) चुकीने लिहिण्याचा अधिकार मूळ डेटावर जाऊ शकतो, आणि अशी चूक पॉलिसी वाचताना सहसा नजरेस पडत नाही. बकेटच वेगळी असली, तर तीच पॉलिसी दुसऱ्या कोणालाही एका नजरेत तपासता येते.

रोल आणि त्याच्या दोन पॉलिसी

रोलला दोन बाजू असतात. पहिली ट्रस्ट पॉलिसी. हा रोल कोण धारण करू शकतो, हे ती सांगते. सेजमेकरच्या जॉबसाठी तिथे सेजमेकर ही सेवा नमूद करावी आणि सोबत ‘सोर्सअकाउंट’ ही अट घालून आपल्याच अकाउंटचा क्रमांक द्यावा, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या अकाउंटमधून आलेल्या विनंतीवर ती सेवा आपला रोल वापरणार नाही. दुसरी बाजू परवानग्यांची, आणि बहुतेक घोळ इथेच होतात.

एस-थ्रीमध्ये यादी पाहण्याची परवानगी, म्हणजे लिस्टबकेट, ही बकेटवर दिली जाते. फाइल वाचण्याची परवानगी, म्हणजे गेटऑब्जेक्ट, ही बकेटच्या आतील ऑब्जेक्टवर, म्हणजे एकेका फाइलवर, दिली जाते. त्यामुळे पॉलिसीत दोन स्वतंत्र विधाने लागतात: पहिल्यात रिसोर्स (परवानगी कशावर आहे ते) म्हणून नुसते बकेटचे नाव आणि सोबत प्रीफिक्सची अट, तर दुसऱ्यात बकेटचे नाव, त्यापुढे तिरपी रेघ, प्रीफिक्स आणि शेवटी तारा. दोन्ही परवानग्या एकाच रिसोर्सवर लिहिल्या, तर पॉलिसी बिनतक्रार जतन होते, पण त्यातील एक परवानगी लागूच होत नाही. ‘पॉलिसीत तर सगळे दिले आहे, तरी जॉब अडतो’ अशी तक्रार आली की सर्वप्रथम हीच जागा पाहावी.

याच्याशी जोडलेली आणखी एक खोच आहे. रोलकडे लिस्टबकेट नसेल आणि मागितलेली फाइल मुळात अस्तित्वातच नसेल, तर एस-थ्री ४०४ (सापडले नाही) न देता ४०३ (परवानगी नाही) देते, कारण फाइल आहे की नाही एवढी माहितीसुद्धा अधिकार नसलेल्याला द्यायची नसते. याचा परिणाम असा की फाइलच्या नावातील टंकलेखनाची साधी चूक परवानगीची अडचण असल्यासारखी दिसते. मग पॉलिसी रुंदावत नेली जाते, शेवटी तारा लावला जातो, आणि तरीही जॉब चालत नाही, कारण अडचण परवानगीची नव्हतीच. म्हणून ४०३ दिसताच पॉलिसीला हात लावण्याआधी पूर्ण मार्ग अक्षरन् अक्षर तपासावा. लहान-मोठ्या लिपीतला फरकही तिथे फरकच धरला जातो.

आउटपुट बकेटवर पुटऑब्जेक्ट, म्हणजे फाइल लिहिण्याची परवानगी, द्यावे, चेकपॉइंटपासून पुन्हा सुरुवात करायची असेल तर तेवढ्या प्रीफिक्सवर यादीची आणि वाचनाची परवानगीही द्यावी, पण डिलीट देऊ नये. जुने चेकपॉइंट काढून टाकण्यासाठी बकेटचा लाइफसायकल नियम (ठरावीक दिवसांनी फाइली आपोआप काढणारा) पुरतो. एस-थ्रीमध्ये पुटऑब्जेक्ट असलेल्याला त्याच नावाची जुनी फाइल पुसून तिथे नवी लिहिता येते, हे लक्षात घेऊन आउटपुट बकेटवर व्हर्जनिंग (जुन्या आवृत्त्या जपून ठेवण्याची सोय) चालू ठेवावे.

गूगलकडे हीच गोष्ट उलट बाजूने त्रास देते. तिथल्या ‘स्टोरेज ऑब्जेक्ट क्रिएटर’ या रोलने (गूगल आणि अझुरमध्ये रोल म्हणजे ओळख नव्हे, तर परवानग्यांचा संच) नवीन ऑब्जेक्ट तयार करता येतो, पण असलेला बदलता येत नाही, कारण जुन्यावर नवे लिहिण्यासाठी डिलीटची परवानगीही लागते. तुमचा कोड दर वेळी ‘लेटेस्ट’ नावाच्या एकाच फाइलवर चेकपॉइंट लिहीत असेल, तर पहिला चेकपॉइंट व्यवस्थित जातो आणि दुसऱ्याला जॉब कोसळतो. उत्तम उपाय म्हणजे फाइलच्या नावात स्टेपचा क्रमांक घालणे. ते शक्यच नसेल, तर केवळ त्या आउटपुट बकेटवर ‘स्टोरेज ऑब्जेक्ट यूझर’ द्यावा. संपूर्ण प्रोजेक्टवर देऊ नये.

सेजमेकरची ‘फुल ॲक्सेस’ ही तयार पॉलिसी रोलला जोडण्याचा मोह होतो. तिच्यात ज्या ज्या बकेटच्या नावात ‘सेजमेकर’ हा शब्द आहे त्या सगळ्यांवर वाचणे, लिहिणे आणि खोडणे यांची मुभा असते. म्हणजे शेजारच्या गटाने आपल्या बकेटला सहज तसे नाव दिले, की तुमच्या जॉबला त्यांचा डेटा खोडण्याचा अधिकार आपोआप मिळतो. शिकण्यासाठी ही पॉलिसी ठीक आहे, खऱ्या डेटासाठी नाही. स्वतःची आवळलेली पॉलिसी लिहिताना मात्र डेटापलीकडच्या गरजा विसरू नयेत: कंटेनर इमेज ओढण्यासाठी ईसीआर या इमेज साठवणाऱ्या सेवेच्या आणि लॉग लिहिण्यासाठी क्लाउडवॉच या नोंदी ठेवणाऱ्या सेवेच्या परवानग्या त्याच रोलला लागतात. लॉगची परवानगी राहून गेली, तर जॉब अडलाच तर का अडला हे सांगणारी ओळ कुठे दिसत नाही.

जॉब सुरू करणाऱ्याचा अधिकार

इथपर्यंतचे काम बहुतेक जण करतात. पुढचे मात्र सुटून जाते. जॉबचा रोल कितीही नेटका असला, तरी तो रोल जॉबला जोडून देण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा स्वतंत्र प्रश्न आहे. ॲमेझॉनमध्ये या अधिकाराला पासरोल म्हणतात. एखाद्याकडे ट्रेनिंग जॉब सुरू करण्याची परवानगी असेल आणि पासरोल सगळ्या रोलवर दिलेले असेल, तर सेजमेकरवर विश्वास ठेवणारा कोणताही रोल तो आपल्या जॉबला जोडू शकतो, आणि जॉबमध्ये स्वतःचाच कोड चालत असल्यामुळे त्या रोलचे सगळे अधिकार प्रत्यक्षात त्याच्या हाती येतात. जो डेटा त्याला थेट उघडता येत नाही, तो जॉबकरवी वाचता येतो.

म्हणून पासरोल देताना रिसोर्समध्ये नेमक्या रोलचे नाव द्यावे आणि ‘पासड-टू-सर्व्हिस’ या अटीने तो केवळ सेजमेकरलाच देता येईल असे बांधून ठेवावे. गूगलमध्ये याच जागी ‘ॲक्ट-ॲज’ ही परवानगी असते आणि ती ‘सर्व्हिस अकाउंट यूझर’ या रोलमधून मिळते. हा रोल संपूर्ण प्रोजेक्टवर न देता त्या एका सर्व्हिस अकाउंटवर द्यावा.

अझुर मशीन लर्निंगची रचना थोडी निराळी आहे. तिथे मॅनेज्ड आयडेंटिटी सहसा कंप्यूट क्लस्टरला जोडली जाते, त्यामुळे त्या क्लस्टरवर जॉब पाठवू शकणाऱ्या प्रत्येकाला ती ओळख वापरता येते. संवेदनशील डेटा आणि साधा डेटा यांसाठी वेगवेगळे क्लस्टर ठेवणे हाच तिथे खरा उपाय आहे. क्लस्टरच्या ओळखीला ‘स्टोरेज ब्लॉब डेटा रीडर’ हा रोल केवळ त्या कंटेनरवर (अझुरमधील बकेटसारख्या कप्प्यावर) द्यावा. ‘काँट्रिब्यूटर’ हा रोल थेट ब्लॉब (साठवलेल्या फाइली) वाचू देत नाही, पण स्टोरेज अकाउंटच्या कीज मिळवू देतो आणि त्या की हाती आल्या की सर्व काही उघडते; म्हणून शक्य असेल तिथे या शेअर्ड कीचा वापरच बंद करून टाकावा. अझुरमध्ये दिलेला रोल प्रत्यक्ष लागू व्हायला दहा मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. तेवढा वेळ थांबावे. अधीर होऊन आणखी मोठा रोल देऊ नये.

एन्क्रिप्शनची की आणि दुसऱ्या अकाउंटमधला डेटा

एस-थ्रीमध्ये ५ जानेवारी २०२३ पासून प्रत्येक नवीन ऑब्जेक्ट आपोआप एन्क्रिप्ट होतो. हे चांगलेच आहे, परंतु त्याने परवानगीचा प्रश्न सुटत नाही, कारण ज्याच्याकडे गेटऑब्जेक्ट आहे त्याला एस-थ्री स्वतःच डेटा उलगडून देते. डेटा संवेदनशील असेल तर केएमएसमध्ये (ॲमेझॉनच्या एन्क्रिप्शन की सांभाळणाऱ्या सेवेत) स्वतः बनवलेली की वापरावी. मग वाचणाऱ्याला दोन दारे पार करावी लागतात: बकेटचे आणि कीचे.

जॉबच्या रोलला इनपुट वाचण्यासाठी त्या कीवर डिक्रिप्ट लागते आणि आउटपुट लिहिण्यासाठी जनरेट-डेटा-की. मोठी फाइल तुकड्यांनी, म्हणजे मल्टिपार्ट पद्धतीने, जात असेल तर लिहितानाही डिक्रिप्ट लागते. त्यामुळे छोटे मॉडेल बिनबोभाट जतन होते आणि मोठे मात्र अडते, असा बुचकळ्यात टाकणारा प्रकार दिसू शकतो. रोलच्या पॉलिसीसोबत कीची स्वतःची पॉलिसीही तपासावी, कारण तिने वाट दिली नाही तर रोलमधल्या परवानगीला अर्थ उरत नाही.

डेटा दुसऱ्या अकाउंटमध्ये असेल तर दोन्हीकडून होकार हवा: तिकडच्या बकेटच्या पॉलिसीत तुमच्या रोलचे नाव, आणि इकडे रोलच्या पॉलिसीत त्या बकेटचे. तिकडचा डेटा एस-थ्रीच्या ॲमेझॉन-व्यवस्थापित कीने एन्क्रिप्ट केलेला असेल, तर मात्र काही केल्या वाचता येणार नाही, कारण त्या कीची पॉलिसी बदलता येत नाही. अशा वेळी डेटाच्या मालकांना स्वतःची की वापरून तो पुन्हा लिहावा लागतो. हे आधी विचारून घेतले तर बराच पत्रव्यवहार वाचतो.

डेटा बाहेर जाण्याची वाट

केवळ वाचण्याची परवानगी दिली म्हणजे धोका संपला, असे नाही. जॉबमधला घातक कोड तुमचा डेटा वाचून तो स्वतःच्या बकेटमध्ये, स्वतःच्याच क्रेडेन्शियलने लिहू शकतो, आणि तुमच्या रोलची पॉलिसी त्याला अडवू शकत नाही, कारण लिहिताना तुमचा रोल वापरलेलाच नसतो. हे नेटवर्कच्या पातळीवरच रोखावे लागते.

सर्वांत कडक पर्याय म्हणजे सेजमेकरचे नेटवर्क आयसोलेशन. ते चालू केले की कंटेनरला बाहेर कुठेही, अगदी एस-थ्रीकडेसुद्धा, जाता येत नाही; डेटा आणून देणे आणि मॉडेल परत नेणे ही कामे कंटेनरच्या बाहेरून सेजमेकर स्वतः त्या रोलने करते. यात अर्थातच जॉब चालू असताना पिपने काही आणता येत नाही, त्यामुळे सगळी पॅकेजे इमेजमध्येच असावी लागतात. माझ्या मते ही अडचण नसून फायदाच आहे.

ज्यांचा कोड स्वतः एस-थ्रीशी बोलतो त्यांनी जॉब खासगी सबनेटमध्ये (इंटरनेटकडे वाट नसलेल्या आतल्या नेटवर्कमध्ये) चालवावा आणि एस-थ्रीसाठी गेटवे एंडपॉइंट, म्हणजे तिथून थेट एस-थ्रीकडे जाणारे दार, जोडावा, ज्याला वेगळे शुल्क पडत नाही. एंडपॉइंटची मूळ पॉलिसी सगळ्यांना मोकळी असते, ती बदलून केवळ आपल्या बकेटपुरती करावी. वर सांगितलेली वाट इथे बंद होते. बकेटच्या बाजूनेही ‘या एंडपॉइंटखेरीज कोठूनही आलेली विनंती नाकारावी’ अशी अट घालता येते. मात्र ती जपून घालावी, कारण स्पष्ट नकार प्रशासकालाही लागू होतो आणि कन्सोलमधून ती बकेट उघडणे त्याच क्षणी बंद होते. गूगलमध्ये या कामासाठी व्हीपीसी सर्व्हिस कंट्रोल्सची सीमा आखली जाते.

लांब चालणारे जॉब

रोलची क्रेडेन्शियल थोड्या वेळाने संपतात, मग तीन दिवस चालणाऱ्या जॉबचे काय, अशी शंका रास्त आहे. अधिकृत एसडीके (क्लाउडशी बोलण्यासाठी कंपनीनेच दिलेली लायब्ररी) ती आपोआप नवी करून घेते, त्यामुळे काहीच करावे लागत नाही. घोळ तेव्हा होतो, जेव्हा कोणी सुरुवातीलाच क्रेडेन्शियल वाचून स्वतःच्या डेटालोडरमध्ये (डेटा वाचणाऱ्या कोडमध्ये) साठवून ठेवते आणि जॉब मध्येच ‘एक्स्पायर्ड टोकन’ म्हणून मरतो. जॉबच्या आतून दुसरा रोल घेतला, तर त्या साखळीतल्या रोलची मुदत १ तासापेक्षा जास्त वाढवताच येत नाही. प्रीसाइन्ड यूआरएल, म्हणजे एका फाइलसाठी आधीच सही केलेला दुवा, हीही इथे उपयोगाची नाही: तिची कमाल मुदत ७ दिवसांची असली, तरी ती तात्पुरत्या क्रेडेन्शियलने सही केलेली असेल तर त्यांच्यासोबतच संपते.

पडताळणी, आणि जुन्या कीची विल्हेवाट

रोल तयार झाल्यावर मोजक्या फाइलींवर एक छोटा जॉब चालवून पाहावा, आणि त्यात जे चालायला हवे त्यासोबत जे अडायला हवे तेही तपासावे. ‘कच्चा’ प्रीफिक्समधली एक फाइल वाचण्याचा, इनपुट बकेटमध्ये लिहिण्याचा आणि आउटपुटमधली एक फाइल खोडण्याचा प्रयत्न त्याच जॉबमधून करावा. तिन्ही ठिकाणी नकार मिळाला तरच पॉलिसी बरोबर आहे असे धरावे.

फाइल कोणी वाचली याची नोंद कोणत्याही क्लाउडवर आपोआप होत असेल, असे गृहीत धरू नये. ॲमेझॉनच्या क्लाउडट्रेल या नोंदवहीत डेटा इव्हेंट्स आणि गूगलच्या क्लाउड स्टोरेजसाठी डेटा ॲक्सेस लॉग मुळात बंद असतात. अझुरमध्ये डायग्नॉस्टिक सेटिंग जोडावे लागते. या नोंदींना पैसे पडतात आणि लाखो छोट्या फाइली असलेल्या डेटासेटवर ते जाणवण्याइतके होतात, म्हणून त्या फक्त संवेदनशील बकेटवर चालू केल्या तरी चालेल.

आधीपासून एखादी ॲक्सेस की वापरात असेल, तर ती एकदम खोडू नये. आधी जॉब नव्या रोलवर न्यावा आणि कोड, नोटबुक, इमेज व एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल यांतून की काढून टाकावी; ती व्हेरिएबलमध्ये राहिली तर एसडीके रोलच्या आधी तिलाच उचलते आणि सगळे रोलनेच चालले आहे असा समज होतो. त्यानंतर आयएएममध्ये त्या कीच्या शेवटच्या वापराची तारीख पाहत राहावे. महिन्यातून एकदाच चालणारा एखादा जॉब असेल, तर त्याची एक फेरी होईपर्यंत थांबावे. तारीख पुढे सरकत नाही असे दिसले की की निष्क्रिय करावी, म्हणजे काही अडलेच तर ती परत चालू करता येते. आणि आणखी एक फेरी विनातक्रार पार पडल्यावर ती कायमची काढून टाकावी.